उजवीकडून मांडलेलं समीकरण

त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळ्यांत आधी जाग यायची ती आबांच्या आवाजानं, आणि आबा बोलायचे ते फरशीशी. माझे वडील हायस्कुलात गणित शिकवायचे. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो, शाळेतली पोरं मास्तर म्हणायची. बेगमपुऱ्यात दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. पुढच्या खोलीत शहाबादी फरशी, मागच्या खोलीत सारवलेली जमीन आणि चूल. फटफटायच्या सुमाराला आबा पुढच्या खोलीत उकिडवे बसून खडूनं फरशीवर आकडे मांडायचे आणि समोर अख्खा वर्ग बसला आहे असं धरून बोलायचे. "तर मुलांनो, आज आपण... आज आपण मुसावात..." मग थांबायचे. स्वतःच्याच मांडीवर चापट मारायचे. "समीकरण. समीकरण म्हण रे बाबा." मी गोधडीत पडून ऐकायचे. चुलीपाशी माय भाकरी थापत असायची. आबा अडखळले की तिचा हातही थांबायचा, आणि भाकरीची थाप पुन्हा सुरू होईपर्यंत मीही श्वास धरून असायचे. शेजारच्या खालानं एकदा भिंतीपलीकडून विचारलंच, "यमू की अम्मा, मास्टर साब को क्या हुआ जी? सुबह सुबह जमीन से बाताँ कररे!" माय म्हणाली, "कुछ नै खाला, परीक्षा हाय." "किसकी? पोट्टी की?" "नै. पोट्टी के बाप की." पोट्टी म्हणजे यमू, म्हणजे मी.

आता हे आजच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. पोलिस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, लोकांनी पेढे वाटले. आबांनीही वाटले. पण राज्य गेलं तसं एक दिवस वर्गातली उर्दूही जाणार, आणि आबांचं सगळं शिकणं तर उर्दूतलं, हे पेढे वाटताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सिल्लोडकडच्या खेड्यातलं आमचं शेतकऱ्याचं घर. त्या घरातला शिकलेला पहिला माणूस म्हणजे आबा. त्या काळी चार बुकांपुढं शिकायचं तर उर्दूतच शिकायचं, दुसरी वाट नव्हती. ते हट्टानं हैदराबादपर्यंत गेले आणि बीजगणित शिकून आले. त्या बीजगणितात क्ष नावाचा कुणी नव्हताच. माहीत नसलेल्या आकड्याला तिथं 'ला' म्हणायचे. समीकरण म्हणजे मुसावात, मूळ म्हणजे जजर. आणि सगळी मांडणी उजवीकडून डावीकडं. सगळ्यांत मोठा घात उजव्या टोकाला, मग त्याहून लहान, आणि शेवटचा सुटा आकडा डाव्या टोकाला. गणित जगात सगळीकडं सारखंच असतं असं लोक मोठ्या तोऱ्यात सांगतात. साफ खोटं आहे. ते सुरू कुठून होतं एवढं तरी सगळीकडं सारखं नसतं, आणि त्यापायी आमच्या घराची झोप उडाली होती. मीही पहिली काही वर्षं उजवीकडूनच शिकले. मग मधेच आमचा वर्ग मराठी झाला आणि मला आठवड्याभरात डावीकडून जमायला लागलं. पोरांचं डोकं फिरायला वेळ लागत नाही. आबांच्या हातात मात्र वीस-बावीस वर्षांची सवय मुरलेली होती.

आणि मग शाळेत कागद आला. ज्या मास्तरांचं शिक्षण उर्दूत झालं आहे त्यांचा मराठीतला पाठ खात्याचे साहेब येऊन बघणार, वरच्या वर्गांना शिकवायला कोण लायक ते ठरवणार. जे लायक ठरणार नाहीत त्यांना खालच्या शाळांवर पाठवणार. आबांसाठी कुठली शाळा काढून ठेवली आहे तेही हेडमास्तरांनी दबक्या आवाजात सांगितलं: फर्दापूरची प्राथमिक. आता फर्दापूर म्हटलं की लोकांना अजिंठ्याची लेणी आठवतात, हॉटेलं आठवतात. तेव्हा तिथं यायला-जायला धड सोय नव्हती, आणि हायस्कूल तर नव्हतंच. म्हणजे आबांनी पाढे शिकवायचे आणि माझी शाळा बंद. हे मला कुणी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. माय एक दिवस माझी वेणी घालताना म्हणाली, "तुला कांदा बारीक चिरता येत नाय अजून," आणि मी रडायलाच लागले. ती म्हणाली, "अगं, कांद्याचं बोलले मी!" पण तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि कांदा आमच्यापासून लांब टोपलीत होता.

आबांना गणित येत नव्हतं असं कुणी समजू नये. तसं कुणी म्हणालं तर मी या वयातही भांडायला उठेन. मी त्यांच्याच वर्गात होते. सगळी मिळून चार मुली, भिंतीकडेच्या बाकावर. घन समीकरण त्यांच्यासारखं शिकवणारा मी पुढं पाहिला नाही. घन समीकरण म्हणजे ज्यात क्षचा तिसरा घात असतो ते. त्याचे अवयव पाडायचे आणि मुळं काढायची, म्हणजे क्षच्या जागी कोणता आकडा ठेवला की सगळं मिळून शून्य होतं ते शोधायचं. वर्गसमीकरणाला तयार सूत्र असतं. आकडे घाला, उत्तर घ्या. घनाला तसं सोपं सूत्र नाही, म्हणून पोरांची भंबेरी उडते. आबा म्हणायचे, "हे तिघा भावांचं घर हाय. तिघांना एकदम धरायला जाल तर एक बी हाती लागायचा नाय. आधी एकाला गाठा. शेवटच्या सुट्या आकड्याचे भाग पाडा, पहिल्या सहगुणकाचे भाग पाडा, याला त्यानं भागा. सरळ आकडा असो का अपूर्णांक, भाऊ बहुतेक तिथंच लपलेला असतो. एकेक ठेवून बघा. एक सापडला की त्याच्या अवयवानं समीकरणाला भागा. मागं वर्गसमीकरण उरतं, ते तुमच्या ओळखीचंच हाय."

"अन् बाकीचे दोघं सापडलेच नाहीत तर?" मी एकदा विचारलं.

"नाय सापडत कधी कधी. तिन्ही मुळं खरी असतीलच असं नाय. पण एक असतंच असतं. क्ष लई मोठा उणे घे, किंमत शून्याच्या एका बाजूला पडते. लई मोठा अधिक घे, दुसऱ्या बाजूला जाते. हिकडून तिकडं जायचं तर मधी शून्य ओलांडावंच लागतं ना? घन समीकरण कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाय, यमू." हे ते खास गोड आवाजात सांगायचे, आणि त्या दिवसांत मला ते ऐकून गणितापेक्षा घराचाच धीर यायचा.

अडचण होती ती भागाकारापाशी. त्याची एक छोटी रीत असते. क्ष वगैरे काही लिहायचं नाही, नुसते सहगुणक, म्हणजे क्षच्या आधीचे आकडे आणि शेवटचा सुटा आकडा, एका ओळीत मांडायचे. पहिला तसाच खाली उतरवायचा, मुळानं गुणायचा, शेजारच्यात मिळवायचा. आलेलं परत गुणायचं, परत पुढच्यात मिळवायचं. शेवटी शून्य उरलं की जिंकलो. आबा बोलताना आता 'ला' न म्हणता क्ष म्हणायला शिकले होते, मुसावातही दहातून एखादवेळीच निसटायची, समीकरण डावीकडून लिहायलाही जमायला लागलं होतं. पण भागाकार आला की त्यांचा हात आपणहून उजव्या टोकाला जायचा. मी समोर साहेब बनून पाटावर बसलेली असायचे. "आबा, उलटं!" ते दचकायचे, ओल्या फडक्यानं पुसायचे, परत मांडायचे. दोन उदाहरणं नीट व्हायची, तिसऱ्याला हात परत उजवीकडं. "हात माझा ऐकंना गं," ते म्हणायचे, आणि हसायचा प्रयत्न करायचे. मला तेव्हा त्यांची दया येण्याऐवजी राग यायचा. मी ओरडायचे त्यांच्यावर. बापावर असं ओरडायची सोय दुसऱ्या कुठल्या घरात होती मला माहीत नाही, पण आमच्या घरात त्या महिन्यात सगळंच उलटं चाललं होतं.

शेवटी मायनं उपाय काढला. तिला अक्षरओळख नव्हती, क्षशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. एका सकाळी तिनं फरशीच्या डाव्या अंगाला रांगोळीचा ठिपका काढला, त्यावर हळदीकुंकू वाहिलं आणि आबांना म्हणाली, "हे बगा, इथनं सुरू करायचं. देवाची जागा हाय, तिच्यावर पाय द्यायचा नाय अन् तिला सोडून दुसरीकडनं सुरू करायचं नाय." आबा म्हणाले, "अगं, गणितात देव कशाला आणतीस?" "मग तुमचा तुमी आणा कोण आणायचा तो," माय म्हणाली आणि चुलीकडं गेली. पण गंमत अशी की ठिपका लागू पडला. खडू घेतलेला हात उजवीकडं निघाला की त्यांची नजर ठिपक्यावर जायची आणि हात वळायचा. सात-आठ दिवस एक चूक झाली नाही. मायच्या भाकरीची थाप परत एका लयीत पडायला लागली. येसर घातलेल्या आमटीला त्या आठवड्यात पुन्हा चव आली, की मलाच ती आली असं वाटलं, कोण जाणे. आबा दोन भाकरी खायला लागले. आम्हाला वाटलं, निभावलं.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की शाळेच्या फळ्यावर ठिपका नसणार.

आबांची आणखी एक सवय सांगायला हवी, ताळ्याची. उत्तर आलं की ते मूळ समीकरणात घालून बघायचं, शून्य आलं तरच खडू खाली ठेवायचा. परवा माझ्या नातीनं फोन समीकरणावर धरला आणि तिन्ही मुळं पडद्यावर आली. "आजी, झालं!" मी म्हटलं, "काय झालं गं? ताळा कुणी करायचा, तुझ्या फोनच्या बापानं?" ती म्हणाली, "तू ना, अशक्य आहेस." असेन. ताळ्याशिवाय उत्तर सांगणाऱ्या माणसावर माझा अजून विश्वास बसत नाही.

साहेब आले तो दिवस थंडीचा होता, पण आबांच्या टोपीखालून घाम येत होता. साहेब पुण्याकडचे, सडपातळ, बंद गळ्याचा कोट, बोलणं अगदी स्वच्छ. ते मागच्या बाकावर जाऊन बसले. हेडमास्तर त्यांच्याशेजारी उभेच राहिले. आबांनी सुरुवात केली. तिघा भावांचं घर सांगितलं तेव्हा पोरं हसली, साहेबही किंचित हसले असं मला वाटलं. मुसावात एकदाही निसटली नाही. मी बाकाखाली बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसले होते आणि मनात आकडे मोजावेत तसे त्यांचे शब्द तपासत होते. एवढ्यात साहेब उठले. "गुरुजी, हरकत नसेल तर एक उदाहरण मी देतो," म्हणाले, आणि त्यांनी फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं: दोन क्षचा घन, उणे तीन क्षचा वर्ग, उणे अकरा क्ष, अधिक सहा, बरोबर शून्य. आणि परत मागं जाऊन बसले.

आबांनी समीकरणाखाली सहगुणक उतरवले. दोन, उणे तीन, उणे अकरा, सहा. इथपर्यंत सगळं ठीक. "आता एका भावाला गाठू," ते म्हणाले. "दोन ठेवून बघू." त्यांनी रेघ ओढली. आणि हात उजव्या टोकाला गेला.

ते सहा खाली उतरवत होते. सहा दुणे बारा, उणे अकरात मिळवले, एक. एक दुणे दोन, उणे तीनमध्ये मिळवले, उणे एक. उणे एक दुणे उणे दोन, दोनात मिळवले. शून्य! घात झाला तो इथंच. दुसरा कुठलाही आकडा घेतला असता तर कदाचित शून्य आलं नसतं, ते थांबले असते. पण शून्य आलं, झक्क शून्य, आणि आबांचा चेहरा उजळला. "सापडला! दोन हे एक मूळ." मग उरलेल्या सहा, एक, उणे एकचं वर्गसमीकरण मांडलं, भराभरा अवयव पाडले, आणि बाजूला तिन्ही मुळं लिहिली: दोन, एक तृतीयांश, उणे एक द्वितीयांश. पोरांनी वहीत उतरवून घेतली. मी मागं वळून पाहिलं. साहेब फळ्याकडं बघत नव्हते. ते खाली बघून काहीतरी लिहीत होते.

"आता ताळा," आबा म्हणाले. क्षच्या जागी दोन. दोनाचा घन आठ, त्याची दुप्पट सोळा. वजा बारा, चार. वजा बावीस, उणे अठरा. अधिक सहा.

उणे बारा.

आबांनी परत केलं, हलक्या आवाजात, ओठांतल्या ओठांत. उणे बारा. त्यांनी भागाकाराकडं पाहिलं, तिथं शून्य. ताळ्याकडं पाहिलं, तिथं उणे बारा. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला सगळं दिसत होतं. माझ्या जिभेवर होतं ते: आबा, उलटं! घरी मी हजारदा ओरडले होते तसं. मी हात वर केला. न विचारता वर गेला तो. आबांनी माझ्याकडं पाहिलं, सरळ माझ्या हाताकडं पाहिलं, आणि नजर फिरवली. मी हात आणखी उंच केला. त्यांनी पाठ केली आणि फळ्याकडं तोंड करून उभे राहिले. हेडमास्तर खाकरले. साहेब म्हणाले, "गुरुजी, राहू द्या हवं तर." आबा म्हणाले, "एक मिनिट, साहेब." आणि उभेच राहिले. बाहेर रस्त्यावरून टांगा गेला, त्याच्या घोड्याच्या टापा संपेपर्यंत ऐकू आल्या. मला फर्दापूरची न पाहिलेली शाळा दिसायला लागली. मला आबांचा भयंकर संताप आला होता. विचारा ना मला! मला येतंय! एवढा कसला तो मान?

मग आबांचे खांदे खाली आले. त्यांनी खडू या हातातून त्या हातात घेतला आणि पोरांकडं वळले. "मुलांनो, माझं चुकलं," ते म्हणाले. "मी सहगुणक उजवीकडनं धरले. मी उर्दूत शिकलो, तिथं उजवीकडनं मांडतात. हात तिकडंच गेला." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मास्तर असं काही बोलत नसतात. "पण आता पुसू नका. गंमत बघा. चुकलो तरी शून्य कसं काय आलं?" त्यांनी चुकीच्या मुळांशेजारी दुसरी तीन लिहिली. दोनाशेजारी एक द्वितीयांश. एक तृतीयांशाशेजारी तीन. उणे एक द्वितीयांशाशेजारी उणे दोन. "घाला एकेक. करा ताळा." वर्गभर कुजबुज, बोरूंची आणि पेन्सिलींची कुरकुर. पुढच्या बाकावरचा एक पोरगा ओरडला, "तीन बरोबर हाय, मास्तर! शून्य येतंय!" दुसरा म्हणाला, "उणे दोन बी!" अर्ध्याला जरा वेळ लागला, अपूर्णांकांनी पोरं वैतागली, पण शून्य आलं.

आबांचा आवाज आता घरच्यासारखा झाला होता, मराठी अडखळत का होईना पण स्वतःची. सगळ्या समीकरणाला क्षच्या घनानं भागा, ते म्हणाले, आणि क्ष भागिले एकाऐवजी एक भागिले क्षकडं बघा; सहगुणकांची रांग तीच राहते, फक्त टोकं बदलतात. म्हणून रांग उलटी वाचली की मूळही उलटं होतं, वरचं खाली, खालचं वर. "मी चुकीच्या दारानं गेलो," ते म्हणाले, "पण घर तेच निघालं."

साहेब उठून पुढं आले. "असं नेहमीच होईल का, गुरुजी? शेवटचा सुटा आकडा शून्य असला तर?"

त्या दिवसात पहिल्यांदा आबा हसले. "नाय साहेब. मग एक मूळ शून्य असतं, अन् शून्याला उलटं करता येत नाय. उजवीकडनं वाचायला गेलं तर घनाचा सहगुणकच शून्य, घन राहतोच कुठं? तिथं आधी ला बाहेर काढावा लागतो."

"ला?" साहेबांनी विचारलं.

आबांचा चेहरा पडला. "क्ष," ते म्हणाले. "क्ष, साहेब. माफ करा."

साहेबांनी टेबलावरचा खडू उचलला, ठेवला. घंटा झाली. जाताना त्यांनी आबांना नमस्कार केला. पण नमस्कार तर ते शिपायालाही करून गेले, त्यावरून काय ओळखायचं?

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. मायनं दोनदा बोलावलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं. आबा ओट्यावर एकटेच बसले होते. मी तरातरा गेले आणि म्हटलं, "मी हात वर केला होता. तुम्ही बघितलंत. मला का नाही विचारलं? मला येत होतं!"

"म्हाईत हाय," आबा म्हणाले.

"मग?"

"तू सांगितलं असतंस, बरोबर सांगितलं असतंस. साहेबानं लिहून घेतलं असतं, पोरीला येतं, बापाला येत नाय. अन् नोकरी ऱ्हायली असती समज, तरी उद्यापासनं त्या पोरांपुढं मी कोण म्हणून उभा ऱ्हाणार होतो? खरं सांगू यमू? त्या वक्ताला मला साहेबाची भीती नव्हती वाटत. तुझ्या हाताची वाटत होती. तू न विचारताच बोलतीस की काय म्हणून मी पाठ केली." मी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले. आत माय भांडी आपटत होती, ती चिडली की असंच करायची. ते ऐकून आबा म्हणाले, "जा, जेव. तिचा राग माझ्यावर निघंल नाहीतर."

मग वाट बघणं सुरू झालं, आणि ते पाठाच्या तयारीपेक्षा वाईट होतं. तयारीत निदान काहीतरी करायचं असतं. आबा शाळेत जात होते, येत होते, कुणी काही सांगत नव्हतं. हेडमास्तर समोरून आले की वाट बदलत, असं आबांना वाटायचं. 'ला' निसटला तो आठवून ते जेवता जेवता घास हातात धरून बसायचे. माय सकाळी त्यांना निरोप द्यायला दारात यायची आणि ते वळणावर दिसेनासे झाले तरी उभी राहायची. तिनं फरशीवरचा ठिपका पुसला नव्हता, पण त्याच्याकडं कुणी बघतही नव्हतं. सांजेला दाराशी पावलं वाजली की आम्ही दोघी आधी त्यांचा चेहरा बघायचो आणि मग पाय धुवायला पाणी द्यायचो. आजही घरातलं माणूस अवेळी आलं की माझ्या काळजाचं पाणी होतं. डॉक्टर म्हणतात, या वयात असं घाबरणं चांगलं नाही. आता या वयात मी दुसरं काय शिकणार?

मग एक दिवस मला ताप होता म्हणून मी घरीच होते. भर दुपार. माय सुपात तुरीची डाळ घोळत होती. दार उघडंच होतं, आणि दारात आबा उभे. आबा कधी दुपारचे घरी येत नसत, नोकरीच्या इतक्या वर्षांत एकदाही आले नव्हते. डोक्यावरची टोपी त्यांच्या हातात होती. मायनं त्यांच्याकडं पाहिलं आणि सूप तिच्या हातातून सुटलं. डाळ सगळ्या जमिनीवर पसरली. ती उठली नाही, तशीच बसून राहिली, जणू तिला आता काही ऐकायचंच नव्हतं.

"ऱ्हायलो," आबा म्हणाले.

मायला कळलं नाही. "काय?"

"ऱ्हायलो हितंच. वरच्याच वर्गांना. कागद आला."

मी अंथरुणातून उठून बसले. मायच्या तोंडावर आधी काहीच आलं नाही. मग एकदम तिचा आवाज चढला, चार घरांना ऐकू जावा असा. "मग असं दुपारचं यायचं व्हय? अवो, काळीज फाटलं असतं ना माझं! सांजेला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? कामून आलात आत्ता? वर्ग सोडून आलात?"

"मधली सुट्टी हाय," आबा म्हणाले. त्यांनी टोपी खुंटीवर अडकवायला हात वर केला, पण ती अडकेना. दोनदा खाली पडली. ते तसेच भिंतीला धरून उभे राहिले. "शाळेत रडता येत नाय गं," ते म्हणाले. "पोरं असतात."

माय उठली. पसरलेल्या डाळीतूनच पाय टाकत ती दारापर्यंत गेली, आणि तिनं भर दुपारी घराचं दार लोटून कडी घातली. खोलीत अंधार झाला.

"रडा मग," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "तू काय बगतीस? तोंड फिरव तिकडं."

मी भिंतीकडं तोंड करून पडले, आणि मधली सुट्टी संपेपर्यंत वळले नाही.